मूल आत्ता की थांबून? मला २७ ला, नणंदेला ३५ ला, दोन घरांची तुलना

माझी मुलगी झाली २०१८ ला, मी २७ ची, पुण्यात धायरीत भाड्याचा वन बीएचके, नवऱ्याची नोकरी जेमतेम तीन वर्षांची आणि बँकेत सगळं मिळून सव्वा लाख. मोठ्या नणंदेला, ताईच म्हणते मी तिला, मुलगा झाला २०२३ ला, ती ३५ ची, वाकडला स्वतःचा टू बीएचके, खाली गाडी, एफडी वेगळी. कागदावर बघाल तर ताई एकदम तयार आणि आम्ही चक्क वेडे. प्रत्यक्षात एवढं सरळ झालं नाही, आणि ओळखीतल्या तीन जोडप्यांचं सध्या "आत्ता की थांबायचं" यावरून रोज रात्री जेवताना वाजतंय, म्हणून दोन्ही घरं शेजारी-शेजारी मांडते.

आधी पैसे. आमचं गणित चुकलं इन्शुरन्समध्ये. लग्नानंतर पॉलिसी घेतली, मॅटर्निटी कव्हर आहे एवढंच वाचलं, खाली बारीक अक्षरात दोन वर्षांचा वेटिंग पिरियड होता, म्हणजे तोवर क्लेम नाही, तो कोण बघतोय. सिझर झालं, बिल ८२ हजार, सगळं खिशातून. ताईचं ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत बसलं पण तिथेही डिलिव्हरीला ५० हजारांची लिमिट, वरचे तिनेच भरले. त्यामुळे थांबायचं ठरलं तरी पॉलिसी मात्र आत्ताच घेऊन टाका, तुम्ही थांबाल तोवर वेटिंग पिरियडही सरतो.

बाळंतपणाच्या रजेचं आम्हा दोघींचं सारखंच. २०१७ ला कायदा बदलून १२ चे २६ आठवडे झाले ते माझ्या पथ्यावर पडलं. पण ज्या नोकरीतून रजा घेणार तिथे डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं लागतं, म्हणून जॉब बदलायच्या बेतात असाल तर तारखा जुळवून बघा. बाबांना प्रायव्हेटमध्ये कायद्याने काहीच नाही, नवऱ्याने पाच दिवस सुट्टी काढली आणि सहाव्या दिवशी मॅनेजरचा फोन.

पाळणाघरात मात्र ताई मागे पडली. धायरीत आमच्या शेजारच्या काकूंकडे महिना चार हजार, त्या वरणभातही भरवायच्या. वाकडच्या डे-केअरला १४ हजार, वर संध्याकाळी सातनंतर उशीर झाला की दंड, आणि हिंजवडीतून निघून सातच्या आत वाकडला पोचायचं म्हणजे काय असतं ते तिथे नोकरी करणाऱ्यांनाच विचारा. लसींची भीती घेऊ नका, सरकारी वेळापत्रकातल्या सगळ्या महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात, कांजिण्या, फ्लू अशा काही तेवढ्या बाहेरून. शाळेच्या फीचं टेन्शन आत्तापासून नको, त्याला तीन-चार वर्षं आहेत.

आता वय, जे एक्सेलमध्ये बसत नाही. ताईने ३२ ला ठरवलं, दीड-दोन वर्षं "होईल गं" म्हणत गेली. डॉक्टर सांगतात ३५ च्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून या, ३५ नंतर सहाच महिने थांबा, हे तिला कोणी आधी सांगितलंच नाही. शेवटी आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, दोन सायकल, एकेक पावणेदोन लाखाची, त्यात फ्लॅटच्या फर्निचरचे पैसे गेले. म्हणजे थांबून साठवले ते थांबण्यातच खर्च झाले असं मी एकदा पटकन बोलून गेले, तर ताई म्हणाली, "वहिनी, साठवलेले होते म्हणून ट्रीटमेंट तरी करता आली." खरंय तेही. फक्त एएमएच टेस्ट नॉर्मल आली म्हणून निवांत राहू नका, अंडी साधारण किती शिल्लक आहेत त्याचा तो अंदाज, दिवस राहतील की नाही ते त्यावरून कळत नाही. आणि वय काही फक्त बाईचंच वाढत नाही, नवऱ्यालाही पहिल्याच व्हिजिटला न्या.

अजून एक वय असतं, आजीचं. २०१८ ला सासूबाई ६० च्या, शेक-शेगडी, अळिवाची खीर, रात्री बाळाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या, सगळं त्यांनी केलं. त्याच सासूबाई २०२३ ला पोटच्या लेकीच्या बाळंतपणाला ६५ च्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बाळ मांडीवर कोणीतरी आणून द्यावं लागायचं आणि त्यांना त्याचं इतकं वाईट वाटायचं की ताईच त्यांची समजूत काढत बसायची. २४ तासांची बाई ठेवली, ती महिन्यात गेली. आमच्या पिढीने पगार मोजले, ईएमआय मोजले, आईचे गुडघे मोजलेच नाहीत.

मनाच्या बाबतीत मात्र ताई सरस. मी सव्वा महिना उलटल्यावरही कारण नसताना रडायचे, मुलगी रडली की राग यायचा, सासूबाई म्हणायच्या आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पहिले दहा-पंधरा दिवस असं होतं बऱ्याच जणींना, पण दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की डॉक्टरला सांगायचं असतं. मी तीन महिन्यांनी सांगितलं. ताईने आठव्या महिन्यातच नवऱ्याबरोबर बसून रात्री कोण उठणार ते ठरवलं होतं, आणि ते उठायचे खरंच.

तुमचं बघायचं तर दोन परीक्षा घ्या. सहा महिने एकाच्या पगारात घर चालवा, दुसऱ्याचा आरडीत टाका. दुसरी म्हणजे कामाच्या मावशी चार दिवस गावाला गेल्या की घरात काय होतं ते बघा, भांडी कोण घासतं, कोण गप्प बसतं, कोण स्विगी उघडतं. मला विचाराल तर दुसरी जास्त खरी.

थांबायचंच तर कशासाठी ते तारखेसकट लिहा: पीजीचं शिक्षण जूनमध्ये संपतंय, गाडीचं लोन मार्चला फिटतंय. "सेटल झालो की" ही काय तारीख झाली का? तारीख सापडत नसेल आणि वय तिशीच्या पुढे असेल तर मी आत्ताच्या बाजूने. मूल नकोच असेल तर तसं बोला, पुण्यातला कर्वे रोड ज्यांच्या नावाचा त्या महर्षी कर्व्यांच्या थोरल्या मुलाने, र. धों. कर्व्यांनी, १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, आणि आपण अजून सोसायटीच्या हळदीकुंकवाला "गुड न्यूज कधी" ऐकतोय.

आत्ता ठरलं तर फॉलिक अ‍ॅसिड निदान महिनाभर आधी सुरू होतं, डॉक्टरांना विचारून. थॅलेसेमियाची, म्हणजे आईबापांकडून मुलात येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणीही तेव्हाच उरकून घ्या.

आमच्याकडे दुसऱ्याचा विषय निघालाय. मी ३४ ची झाले, सासूबाई ६७. मावशी मंगळवारपासून गावाला गेल्यात आणि आज तिसऱ्या दिवशी ओटा मीच पुसलाय.