आलिशान मोटारीची जाहिरात : उठावदार फलक की एलईडी पडदा?

पणजीतील एका मोटारविक्रेत्या स्नेह्यांना प्रश्न पडला आहे, की नव्या आलिशान मोटारीसाठी चौकटीबाहेर झेपावणारी प्रतिकृती बसवलेला फलक उभारावा, की एलईडी पडद्यावर वेळ विकत घ्यावा. प्रतिकृतीसाठी सांगाडा, फायबरचे काम आणि क्रेन यांचा खर्च आरंभीच करावा लागतो, पण जागा चोवीस तास आपलीच राहते; पडद्यावर मात्र काही सेकंदांत सोन्याची किंवा सदनिकांची जाहिरात येते, आणि महामार्गावरून वेगाने जाणाऱ्याला आपली मोटार दिसेलच असे नाही.

टिकाऊपणाचा निर्णय गोव्याचा पाऊसच करतो. खाऱ्या हवेत सांगाडा गंजतो आणि बाहेर आलेल्या भागावर वाऱ्याचा जोर अधिक पडतो, त्यामुळे संरचना अभियंत्याचा दाखला, विशेषतः मे २०२४ मध्ये मुंबईतील घाटकोपर येथे जाहिरात फलक कोसळून झालेल्या दुर्घटनेनंतर, निव्वळ कागदी सोपस्कार मानू नये. पडद्याच्या देखभालीची चिंता बहुधा पडद्याच्या मालकाची असते, जाहिरातदाराची नव्हे, आणि मजकूरही तत्काळ बदलता येतो.

ऑक्टोबर ते मे या काळात एकाच मॉडेलचा ठसा उमटवायचा असेल, तर प्रतिकृती घ्यावी. पावसाळ्यातील अल्पकालीन सवलती किंवा अनेक मॉडेल दाखवायची असल्यास पडदा पुरेसा आहे.