सौर झटका मशीन, शेजारचा कुत्रा आणि दीड फुटाची कांब: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या रविवारी कुंपणाच्या कडेचे गवत कापताना झटका मशीनबरोबर, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणाऱ्या यंत्राबरोबर, आलेली अर्थिंगची (यंत्र जमिनीशी जोडणारी) मूळ कांब हाताला लागली. आता तिचा उपयोग उरला नव्हता, म्हणून उपटायला गेले, तर वीतभर तुकडा हातात आला आणि बाकीची जमिनीतच राहिली. तुटलेल्या टोकाशी ती पेन्सिलीइतकीही जाड उरली नव्हती आणि बोटांनी दाबल्यावर तांबड्या गंजाचे पापुद्रे सुटत होते. ही कांब फेब्रुवारीत नवी कोरी जमिनीत गेली होती आणि आता ऑक्टोबर चालू आहे. या यंत्राबद्दल लिहायचे बरेच दिवस मनात होते. तो तुकडा पाहिल्यावर मात्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

बॅटरी, पॅनेल, सेकंदाला एक ठोका, सायरन ही माहिती सर्वांना असतेच, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. आमचे घर वेंगुर्ले तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. मागील दारी माड, चार पोफळी, केळी आणि सासूबाईंच्या गावठी कोंबड्या. परसाला जांभ्याचा जुना गडगा आहे, पण तो जेमतेम कमरेइतका आणि दोन ठिकाणी ढासळलेला. जानेवारीत एका दुपारी आम्ही सगळे लग्नाला गेलो असताना शेजारच्या तात्यांचा वाघ्या त्या खिंडारातून आत आला आणि त्याने सात कोंबड्या मारल्या. एकही खाल्ली नव्हती. पाच जागच्या जागी पडल्या होत्या आणि दोन गडग्याच्या पलीकडे नेऊन टाकल्या होत्या. कोंबडी फडफडत पळू लागली की कुत्र्याला पाठलागाचा नाद लागतो आणि समोर पळणारे काही उरले आहे तोपर्यंत तो थांबत नाही, हे मी तेव्हा प्रथमच पाहिले. मेलेल्यांत एक खुडूक होती आणि तिच्याखालची अकरा अंडी संध्याकाळपर्यंत गार पडली. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. त्यामुळे सात कोंबड्या आणि एक उबवण गेली म्हणजे घराचे किती नुकसान झाले, ते ज्याच्या घरी कोंबड्या आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

तात्या प्रथम म्हणाले, "आमचो वाघ्यो कोंबड्यांक तोंड लावचो नाय." त्यांच्याच मांगराच्या मागे पिसे सापडल्यावर मात्र ते स्वतः पैसे घेऊन आले. सासूबाईंनी ते घेतले नाहीत आणि कुत्रा बांधून ठेवा एवढेच सांगितले. त्यांनी तो बांधलाही, पण पाचव्या दिवशी दोर कुरतडून तो सुटला. वाडीतल्या दोघांनी माशातून विष घालण्याचा सल्ला दिला, त्यांच्याशी मी पुढे बोललेच नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी मी ते केले नसते. तिसऱ्या एकाने घरातली वीज थेट तारेत सोडायला सांगितले. हे कोणीही, कधीही करू नये. झटका मशीनचा ठोका हजारो व्होल्टचा असला तरी तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये तार मोकळी असते, म्हणून स्पर्श झालेला जीव मागे हटू शकतो. घरातला २३० व्होल्टचा प्रवाह अखंड असतो, त्याने स्नायू आखडतात आणि धरलेली तार हातातून सुटत नाही. अशा कुंपणांनी माणसे गेल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो.

पॅनेल आणि बॅटरीसकट यंत्र ९,२०० रुपयांना पडले. तार, इन्सुलेटर आणि खांब वेगळे. गडग्याच्या आतून जाळी आणि जाळीच्या बाहेरून तीन तारा, जमिनीपासून सहा इंच, एक फूट आणि वीस इंच उंचीवर, अशी रचना केली. आमच्याकडे रानडुकरांसाठी तार गुडघ्याच्या उंचीवर घेण्याची पद्धत आहे. कुत्र्यासाठी ती उपयोगाची नाही, कारण कुत्रा आधी वाकून हुंगतो आणि मग शिरतो. जाळीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. बाजारात कोंबड्यांची जाळी म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. वाघ्याने ती तारा ओढण्याआधीच पंजाने ओढून उसवली होती. आता खालचे दोन फूट वेल्डमेश (सांधे वेल्ड केलेली मजबूत जाळी) आहे आणि उकरून आत येऊ नये म्हणून तळाशी बाहेरच्या बाजूने जुने चिरे आडवे मांडले आहेत.

यंत्र लावल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी वाघ्या आला. मी न्हाणीघराच्या दाराशी उभी होते. त्याने मधल्या तारेला नाक लावले, एक क्षण काहीच झाले नाही, आणि मग ठोका पडला. तो जागच्या जागी उडाला, एकदाच ओरडला आणि शेपूट पोटाखाली घेऊन तात्यांच्या खळ्यापर्यंत धावत गेला. कुत्र्याचे नाक ओले असते आणि अंगावर केस असतात. नाकाला बसलेला झटका पाठीला बसलेल्या झटक्याच्या कितीतरी पट जाणवतो. त्यानंतर दोन महिने तो गडग्याजवळ फिरकला नाही. मार्चमध्ये कोणी विचारले असते, तर पैसे वसूल झाले असेच मी सांगितले असते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तो पुन्हा आत शिरला. सायरन वाजला नाही, तारा शाबूत होत्या आणि यंत्रावरचा हिरवा दिवा नेहमीसारखा लुकलुकत होता. एक तलंग (तरुण कोंबडी) आणि तीन पिल्ले गेली. मी कंपनीला फोन केला, तेव्हा टेस्टरचा (तारेतले व्होल्ट दाखवणाऱ्या उपकरणाचा) आकडा विचारण्यात आला. यंत्राजवळ तार आणि कांब यांच्यामध्ये तो जवळजवळ ७,००० दाखवत होता, म्हणून यंत्र उत्तम असल्याचा निर्वाळा मला मिळाला आणि कांबेच्या खड्ड्यात मीठ नि कोळसा घालून पाणी ओतायला सांगून फोन ठेवला गेला.

यंत्र खरोखरच उत्तम होते. दोष कांबेचा होता, आणि तो समजायला मला आणखी तीन आठवडे लागले. झटका बसतो तो तारेतून प्राण्याच्या अंगात, पायांतून जमिनीत आणि जमिनीतून त्या कांबेमार्गे परत यंत्रात असा फेरा पूर्ण झाला तरच. जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. फेब्रुवारीत तिच्यात थोडी ओल होती. एप्रिलमध्ये वरचा हात-दोन हात थर विटेसारखा कोरडा झाला आणि दीड फुटाची कांब पूर्णपणे त्या कोरड्या थरातच राहिली. तारेत व्होल्ट होते, पण परतीची वाट बंद होती. तार आणि कांब यांच्यामधला आकडा घेतला तर तो चांगलाच येणार, कारण त्यात जमीन मध्ये येतच नाही. खरी परीक्षा वेगळी आहे. कुंपणाच्या लांबच्या टोकाला यंत्र बंद ठेवून एक लोखंडी पहार तारेला टेकवून जमिनीत रोवायची, यंत्र चालू करायचे आणि मग अर्थिंगच्या कांबेवर किती व्होल्ट येतात ते कांबेपासून दूर जमिनीत टेस्टरची दुसरी सळई खोचून पाहायचे. तेथे दोन-तीनशेच्या वर आकडा आला तर अर्थिंग अपुरे. आमच्याकडे १,९०० आला. हाताचा मागचा भाग कांबेला लावला, तर प्रत्येक ठोक्याला मुंगी चावल्यासारखे जाणवत होते. जी कांब मुकाट असायला हवी, तीच झटका देत होती.

नऊ हजारांच्या पेटीत गॅल्व्हनाइज न केलेली (जस्ताचा मुलामा नसलेली), नुसता काळा रंग लावलेली, करंगळीएवढी दीड फुटाची कांब द्यायची आणि वर "सर्व साहित्य पेटीत" असे छापायचे, हे मला अजिबात पटत नाही. तिला जोडलेली वायर तांब्याची, म्हणजे खाऱ्या हवेत तांबे आणि लोखंड एकमेकांना लागून. तो जोड जूनपर्यंत पांढरट-हिरव्या बुरशीसारखा झाला होता. मिठाच्या सल्ल्याने दोन आठवडे फरक पडला हे खरे, पण मिठाने लोखंड अधिक वेगाने खाल्ले हेही तितकेच खरे. मी तीन वेळा फोन केला, दोनदा फोटो पाठवले आणि अखेरचे उत्तर आले ते असे, की अर्थिंग ही ग्राहकाची जबाबदारी आहे. तसे असेल तर पेटीवर तसे लिहावे. गिऱ्हाईक मग पहिल्याच दिवशी हार्डवेअरच्या दुकानात जाईल आणि त्याची तलंग आणि पिल्ले वाचतील.

मे महिन्यात मी जे केले त्याचा खर्च १,१०० रुपये आला. चार फुटांचे तीन गॅल्व्हनाइज्ड पाइप घेतले, एकमेकांपासून दहा फुटांवर ठोकले आणि त्याच धातूच्या तारेने व क्लॅम्पने जोडले. पहिला पाइप ठोकायला जागा शोधताना सासूबाईंनी न्हाणीघराचे पाणी जाते ते माडाचे आळे दाखवले. ते बारा महिने ओले असते आणि मीठ घालायची गरज पडत नाही. उरलेले दोन पाइप केळीच्या पाटात गेले. मात्र घराच्या वीजजोडणीचे अर्थिंग जेथे आहे, तेथपासून हे किमान दहा मीटर दूर असावे लागते. आमच्याकडे ते घराच्या पुढच्या बाजूला असल्याने अडचण आली नाही. शिवाय तीन तारांपैकी मधली तार आता झटक्याची नाही, ती थेट अर्थिंगला जोडलेली आहे. कुत्रा खालच्या आणि मधल्या तारेला एकदम लागला, तर जमीन कितीही कोरडी असली तरी फेरा पूर्ण होतो. तीच परीक्षा पुन्हा घेतली तेव्हा पाइपवर १५० च्या आसपास आकडा आला.

नव्या अर्थिंगवर यंत्र कायमचे सुरू ठेवण्याआधी तात्यांना बोलावले. कुत्रा मरेल अशी त्यांना खरोखरच भीती वाटत होती, आणि ती भीती रास्त होती. मी त्यांच्यासमोर चप्पल काढून गवताची हिरवी काडी तारेला लावली आणि ती हळूहळू पुढे सरकवत नेली. काडी आखूड होत गेली तसा ठोका वाढत गेला आणि शेवटी कोपरापर्यंत कळ गेली. तात्यांनी स्वतःही हात लावला. त्यानंतर त्यांनीच पिवळी धोक्याची पाटी आपल्या बाजूच्या खांबाला बांधली. रात्री ते वाघ्याला साखळीने बांधतात आणि सकाळी सोडताना आधी आमच्या दिशेला हाक मारून मुलांना सावध करतात. वाघ्याने मेअखेर एकदा नाक लावून पाहिले, तेवढेच. आता तो गडग्यापासून चार हात अंतर राखून चालतो.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. आषाढात ओली जमीन असल्याने झटका जोरदार बसतो, पण आठवड्याला गवत कापले नाही तर तेच गवत खालच्या तारेला लागून सगळा जोर पिऊन टाकते. म्हणून घेताना व्होल्टच्या आकड्याला भुलू नये, ज्यूलचा (ठोक्यातल्या ऊर्जेचा) आकडा विचारावा. गवताचा भार सहन करण्याची ताकद त्यात असते. जुलैमध्ये सलग नऊ दिवस ऊन पडले नाही तेव्हा बॅटरी उतरली आणि ती मला दोनदा दुकानात नेऊन चार्ज करून आणावी लागली. विजा चमकू लागल्या की मी यंत्राची कुंपणाकडे जाणारी वायर सोडवून ठेवते. हे सगळे करण्याची तयारी असेल तरच यंत्र घ्यावे.

मुंगूस, घार आणि रात्री येणारे उदमांजर यांच्यावर या यंत्राचा भरवसा ठेवू नये. तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात डालून दाराला आकडी घालणे आम्ही एक दिवसही चुकवत नाही. घारीने ऑगस्टमध्ये दोन पिल्ले नेली. त्यासाठी आता पिल्लांच्या जागेवर जुने मासेमारीचे जाळे ताणले आहे.

मे महिन्यात मी या यंत्राला पाचपैकी एक गुण देणार होते. आज यंत्राला चार देते आणि पेटीतल्या अर्थिंगच्या साहित्याला शून्य. मेनंतर कुत्र्यामुळे एकही कोंबडी गेलेली नाही. सध्या आमच्याकडे एकोणीस कोंबड्या आहेत, दोन कोंबडे राखणीसाठी (जागेच्या राखणदार देवाला देण्यासाठी) आत्ताच बोलून ठेवले गेले आहेत आणि एक खुडूक दहा अंड्यांवर बसली आहे, तिचा आज चौदावा दिवस आहे. कांबेचा तुटका तुकडा मी पोस्टाने कंपनीला पाठवला आहे आणि सोबतच्या पत्रात पेटीत निदान तीन फुटांची गॅल्व्हनाइज्ड कांब द्यावी एवढेच मागितले आहे. उत्तर आले की येथे लिहीन.