कॉन्व्हेंट, संस्थेची शाळा की सीबीएसई? नाशिकमध्ये प्रवेश घेण्याआधी

नोव्हेंबर लागला की आमच्या जेल रोडच्या सोसायटीत लिफ्टमध्येसुद्धा एकच विषय असतो: फॉर्म कुठले कुठले आणले? यंदा मामेबहिणीचा फोन आला. तिची मुलगी अडीच वर्षांची आहे. "ताई, कॉन्व्हेंटलाच घालू ना?" त्या 'च'मध्ये अर्धा निर्णय झालेला होता.

मला यावर बोलायचा थोडाफार अधिकार आहे. थोरली लेक छोट्या शिशूपासून दहावीपर्यंत सिस्टरांच्या शाळेत होती. धाकटा शहरातल्या एका जुन्या संस्थेच्या शाळेत सेमी-इंग्रजीला शिकला. नणंदेचा मुलगा गंगापूर रोडच्या बाजूला सीबीएसईत आहे. तिन्हीकडची गॅदरिंगं मी पुढच्या रांगेतली खुर्ची धरून पाहिली आहेत. या तिन्ही शाळांची नावं मात्र लिहीत नाही, कारण तक्रारीही लिहिणार आहे.

आधी एक घोळ मिटवू. नाशिकमध्ये इंग्रजी शाळा दिसली की आपण तिला कॉन्व्हेंट म्हणून मोकळे होतो. मी मात्र कॅथलिक सिस्टर-फादरांच्या शाळेलाच कॉन्व्हेंट म्हणते. (विदर्भात तर बालवाडीलाच कॉन्व्हेंट म्हणतात, तो आणखी वेगळा गोंधळ.) देवळालीची बार्न्स शाळा ख्रिस्ती परंपरेची खरी, पण कॅथलिक नाही. तिची मुळं मुंबईत 1718 साली सुरू झालेल्या अँग्लिकन शाळेत आहेत आणि ती देवळालीला आली 1925 मध्ये. नाशिकरोडचं सेंट झेवियर्स आणि सेंट फिलोमिना, शहरातलं सेक्रेड हार्ट या कॅथलिक शाळा. उलट नावात 'सेंट' किंवा 'कॉन्व्हेंट' घालून चाललेल्या खासगी शाळाही भरपूर आहेत. म्हणून फॉर्मवर शाळेच्या नावाखाली जी बारीक ओळ असते ती वाचा. तिथं धर्मप्रांताचं (म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या भागाचं) किंवा सिस्टर-फादरांच्या संघाचं नाव नसेल, तर पुढे मी जे लिहिणार आहे त्यातलं फारसं काही तुम्हाला लागू नाही.

आणखी एक, जे नवीन राहायला आलेल्यांना माहीत नसतं. इथले कॅथलिक म्हणजे गोव्याहून आलेली चार घरं नव्हेत. नाशिक धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला 1987 मध्ये. त्यात नाशिकबरोबर नगर, धुळे, जळगाव, नंदुरबार येतात, आणि त्यातले बहुसंख्य श्रद्धाळू घरात मराठीच बोलतात. नगर जिल्ह्यातल्या हरेगावची मतमाऊलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा त्यांचीच. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते तेव्हा रांगेत आपल्या ओळखीचे निम्मे लोक हिंदू असतात, नवस फेडायला आलेले. थोरलीच्या शाळेतल्या एक सिस्टर नगर जिल्ह्यातल्या होत्या. वर्गात कडक इंग्रजी आणि फाटकाशी आमच्याशी "काय बाई, आज उशीर?" अशी बोली.

एकत्र जगणं

कॅथलिक शाळेचा खरा माल इथं आहे. इमारत आणि इंग्रजी त्यानंतर.

थोरली पहिलीत गेली त्याच आठवड्यात तिला हिरव्या हाऊसमध्ये, म्हणजे सगळ्या इयत्तांतल्या मुलींच्या एका गटात, टाकलं. दहावीपर्यंत ती हिरवीच राहिली. तुकड्या दरवर्षी मोडून नव्यानं पाडायचे, मैत्रिणी इकडच्या तिकडे व्हायच्या, हाऊस मात्र तेच. त्यामुळे पहिलीतल्या पोरीला नववीतली ताई ओळखायला लागते, तिची वेणी सुटली तर बांधून देते. शारीरिक शिक्षणाच्या आदल्या रात्री आमच्याकडे पांढरे कॅनव्हासचे बूट धुवून कुलरच्या जाळीवर वाळत टाकलेले असायचे. सकाळी पॉलिश संपलंय असं लक्षात आलं की लेक खडू घासून वेळ मारून न्यायची. कारण बूट मळके असतील तर गुण तिचे जात नसत, हाऊसचे जात.

आणि मार्च पास्ट. धाकट्याच्या शाळेत संचलनाला निवडक चाळीस पोरं, बाकीची कठड्यावर बसून शेंगा खाणार. थोरलीकडे अख्खी शाळा चालायची. पाय चुकणारीसुद्धा चालायची, फक्त तिला मधल्या रांगेत घ्यायचे. एका वर्षी हिरव्या हाऊसचा झेंडा जिच्या हातात होता ती मुलगी गणितात दोनदा नापास झालेली होती. तिचे वडील प्रेसमध्ये कामगार, दुसरी पाळी बुडवून आले होते. तो माणूस मोबाइल उभा धरायचा की आडवा या गडबडीत शेवटी काहीच रेकॉर्ड करू शकला नाही.

नाताळच्या आधी मूठभर तांदूळ न्यायचे असत. रोज एक मूठ, स्टीलच्या छोट्या डब्यातून. वर्गात पोतं. ज्याच्या घरी आंबेमोहोर त्याचा आंबेमोहोर, ज्याच्या घरी रेशनचा त्याचा रेशनचा, सगळं एकाच पोत्यात. आठवीच्या मुली ते पोतं घेऊन वृद्धाश्रमात जायच्या आणि तिथं दुपारभर बसायच्या. लेक पहिल्यांदा गेली तेव्हा घरी येऊन जेवली नाही. दुसऱ्या वर्षी तिथल्या एका आजींसाठी तिनं आमच्या नकळत नेलकटर नेलं.

संस्थेच्या शाळेतही एकत्रपणा आहे, पण तो वेगळ्या धाटणीचा. तो सणांचा आहे. गणपती बसतो, लेझीम निघतं, दिंडीला पोरं धोतर नेसून येतात. आईबाप सहज आत शिरतात, मुख्याध्यापकांच्या टेबलावर प्रसादाचा डबा ठेवतात. उबदार प्रकार आहे आणि मला तो आवडतोही. फक्त तो वर्षातून आठ-दहा दिवसांचा. उरलेल्या दिवशी सत्तर मुलांच्या वर्गात आपलं पोर कुणाच्या नजरेत आहे का, हे त्याच्या वर्गशिक्षिकेच्या स्वभावावर ठरतं. धाकट्याला तीन वर्षं फार चांगल्या बाई मिळाल्या, नंतरची दोन वर्षं त्याला कुणी नावानं हाक मारली नाही.

सीबीएसईकडे हाऊसं आहेत, स्विमिंग पूल आहे, टर्फ आहे. पण नणंदेच्या मुलाच्या शाळेत चार वर्षांत तीन प्राचार्य झाले आणि खेळाचे सर दर जूनला नवे. माणसं टिकत नाहीत तिथं रीत कुठून टिकणार?

नावांचा फलक

प्रवेशद्वाराशी सोनेरी अक्षरांचा फलक प्रत्येक शाळेत असतो. पालक तो आधी वाचतात. मी म्हणेन वाचा, पण तो काय सांगतो हे समजून वाचा, कारण तिन्ही प्रकारच्या शाळा वेगवेगळ्या गोष्टींना यश म्हणतात.

परीक्षांच्या यशात संस्थेच्या शाळा पुढे आहेत, हे मान्य करायला हवं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी तिथं अंगवळणी पडलेली आहे. सरकारनं 2016-17 मध्ये त्या परीक्षेच्या इयत्ता चौथी-सातवीच्या पाचवी-आठवी केल्या तेव्हाही सकाळचे जादा तास चुकले नाहीत. आणि एक गोष्ट कॉन्व्हेंटचे पालक फार उशिरा शिकतात: आठवीतली एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि मिळाली तर नववी ते बारावी दरसाल 12,000 रुपये. पण ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित खासगी शाळेतलं पोर कितीही हुशार आणि घर कितीही अडचणीत असलं तरी त्याला बसता येत नाही. कॅथलिक संस्थांच्या काही शाळा अनुदानित असतात, इंग्रजी माध्यमाच्या बहुतेक नसतात. हे ऑफिसात सरळ विचारून घ्या.

चित्रकलेचंही तसंच. एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट, या कला संचालनालयाच्या ग्रेड परीक्षा. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर राज्य मंडळाच्या दहावीला सात गुण वाढतात, बी ला पाच, सी ला तीन. थोरलीच्या शाळेत क्राफ्टच्या सिस्टर स्वतः रंगपेटी तपासून मुलींना बसवायच्या. धाकट्याचा फॉर्म मात्र कारकुनाच्या खणात राहिला. तारीख उलटून गेल्यावर कळलं. "पुढच्या वर्षी बसवा की," म्हणाले. पुढच्या वर्षी तो दहावीत होता.

खेळात कॅथलिक शाळा सांघिक खेळांना जोर देतात: फुटबॉल, बास्केटबॉल, हॉकी. तालुका, जिल्हा, विभाग अशा शालेय स्पर्धांच्या पायऱ्या सगळ्यांना सारख्याच, पण तिथं 'ब' संघही सरावाला येतो हे मी पाहिलंय. एकट्यानं धावायचं असेल तर नाशिकची वाट वेगळी आहे. सावरपाड्याची धावपटू कविता राऊत भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर घडली. मूल खरंच पळणारं असेल तर शाळेपेक्षा मैदान आणि प्रशिक्षक आधी शोधा.

सीबीएसईच्या फलकाबद्दल थोडक्यात: त्यातली निम्मी पदकं पैसे भरून द्यायच्या खासगी ऑलिंपियाडची असतात. नणंदेच्या हॉलमध्ये तशी अकरा लटकली आहेत. भाच्याला विचारलं कशाकशाची, तर त्याला चारच सांगता आली.

मराठीचं काय

इथं माझा कॉन्व्हेंटवर राग आहे. लेक चौथीत असताना मधल्या सुट्टीत मराठी बोललं की दोन रुपये दंड होता. एकदा तिनं स्वतःचे आणि मैत्रिणीचे मिळून चार रुपये भरले आणि घरी येऊन आजीशी इंग्रजीत बोलायला लागली. आजी घाबरली. मी जाऊन भांडले, आणखी सहा आया आल्या, दंड बंद झाला. पण तो सुरू होता हे खरं. राज्यात 2020 च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं आहे. तरी विषय म्हणून शिकवणं आणि आवारात बोलू देणं यात अंतर आहे. लेकीचं मराठी आज वाचण्यापुरतं चांगलं आहे, लिहिताना ती र्‍हस्व-दीर्घाला घाबरते. धाकटा बिनधास्त लिहितो आणि बिनधास्त चुकतो.

प्रार्थना, फाटक, फी

"धर्मांतर वगैरे?" हा प्रश्न दबक्या आवाजात येतोच. रोज सकाळी प्रार्थना असते, कॅथलिक मुलांना कॅटेकिझम (त्यांचं धर्मशिक्षण) आणि बाकीच्यांना त्याच तासाला मॉरल सायन्स. राज्यघटनेच्या कलम 28 प्रमाणे पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. आमच्याकडे लेक शाळेत 'अवर फादर' म्हणायची आणि संध्याकाळी दिव्यापाशी रामरक्षा. दोन्ही तिला पाठ आहेत, दोन्ही ती घाईघाईनं म्हणते. नागपंचमीच्या मेंदीवरून एकदा बोलणी खाल्ली, तेवढंच.

पालकांना मात्र फाटकाबाहेर ठेवतात. वर्गशिक्षिकेला भेटायचं तर डायरीत लिहा, दिवस मिळेल तेव्हा या. दिवाळीची सुट्टी आखडती, नाताळची ऐसपैस, त्यामुळे गावी जायचं गणित बिघडतं. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) पंचवीस टक्के राखीव जागांवर प्रवेशाची आशा इथं धरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानं अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू राहिला नाही. फीमध्ये सवलत मिळते, पण ती सिस्टरांच्या मर्जीवर, आणि मागायला आपणच जावं लागतं. फीवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो, आणि त्या समितीवरचे पालक चिठ्ठ्या काढून निवडले जातात. त्यासाठी नाव द्या. बहुतेक जण देत नाहीत आणि मग व्हॉट्सॲपवर ओरडतात.

मग कुणी कुठं?

घरात दोघंही नोकरीला, मूल बुजरं, आजी-आजोबा जवळ नाहीत, अशांना मी कॅथलिक शाळाच सुचवेन. तिथं कुणीतरी त्याला रांगेत धरून ठेवतं. घरी मराठी वाचन मात्र स्वतः करून घ्यावं लागेल. घरचं उत्पन्न तुटपुंजं आणि मूल अभ्यासात तरतरीत असेल तर अनुदानित संस्थेची शाळा, डोळे मिटून. फक्त फॉर्मच्या तारखा तुम्हीच लक्षात ठेवा. दर तीन वर्षांनी बदली होणारी नोकरी असेल तर सीबीएसई, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

मामेबहिणीला मी फलक वाचायला लावलं नाही. शाळा सुटायच्या वेळी दोन दिवस दोन फाटकांशी उभं केलं. परवा रात्री तिचा मेसेज आला: "ताई, एका शाळेतून मोठी मुलं लहानांचा हात धरून बाहेर आणत होती." खाली विचारलंय की फॉर्मला फोटो किती लागतात. शनिवारी तिच्याबरोबर जाणार आहे. सिस्टर बारापर्यंतच भेटतात.