इंडियन कॉफी हाऊस, तंपानूर: जिथे वाढपीच मालक

तिरुवनंतपुरम सेंट्रल स्टेशनातून बाहेर आलात की बसस्थानकाजवळ लाल विटांचा गोल मनोरा दिसतो, तेच कॉफी हाऊस. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी इथे मजले केलेच नाहीत. एकच चढ गोल फिरत वर जातो, बाहेरच्या भिंतीलगत बाकं-टेबलं बांधलेली आहेत आणि जाळीतून उजेड, वारा येतो. गुडघे दुखत असतील तर खालच्या वळणावरच जागा धरा. गाडी पकडायची असेल तर गर्दीच्या वेळेचा हिशेब धरूनच या.

मसाला डोशात बीट असतं, म्हणून भाजी लाल आणि किंचित गोडसर. व्हेज कटलेटातही बीट. ते गरम असतानाच संपवा, गार झालं की कुरकुरीतपणा जातो. कॉफीत साखर कमी हवी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा.

आता मालकीचं. भांडवलशाहीच्या विरोधकांनी धंदा करावा का, याचं उत्तर इथे पांढऱ्या गणवेशात, तुऱ्याचा फेटा बांधून वाढायला येतं. कॉफीचा खप वाढवण्यासाठी पहिलं कॉफी हाऊस १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला निघालं. पुढे सरकारी कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी कामगारांना सहकारी सोसायट्या काढायला लावल्या. बंगळूर आणि दिल्ली १९५७ मध्ये, त्रिशूर १९५८ मध्ये. कामगार सभासद होतो, एका सभासदाला एकच मत, संचालक मंडळ त्यांच्यातूनच निवडायचं.

माझ्या मते धंदा जरूर करावा, पण सभासद कोण हे आधी तपासावं. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याचा सभासद ऊस पिकवणारा शेतकरी असतो. ऊस तोडणारा मजूर नसतो. तिथे सहकार आहे, पण मजुराच्या हाती मालकी नाही. कामगारांच्या सोसायटीतही हाच धोका असतो. खर्च वाढला की नवी भरती हंगामी होते, त्यांना सभासदत्व मिळत नाही, आणि जुने सभासद हळूहळू या नव्यांचे मालक बनतात. दुसरी अडचण भांडवलाची. बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचा नाही, म्हणून दुरुस्ती आणि नव्या शाखा शिलकीतून किंवा कर्जातून. ती शिलक राखीव निधीत न टाकता बोनसमध्ये वाटली, तर पुढच्या दुरुस्तीला पैसा उरत नाही.

दर माफक आहेत. वातानुकूलित हॉल आणि लांबलचक मेनू हवा असेल तर दुसरीकडे जा. नाश्त्याला मात्र इथेच या.