बरोबरच्या बटणाची कसोटी: जेएआयआयबीच्या अभ्यासासाठी साधा बारा आकडी कॅल्क्युलेटर

बँकेत नोकरी करत जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा देणाऱ्यांचा पुस्तकांवर, व्हिडिओंवर आणि सराव चाचण्यांवर भरपूर खर्च होतो. कॅल्क्युलेटर मात्र घरात पडलेला उचलला जातो, नाहीतर परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणला जातो. ही चूक महागात पडते. साधारण तीनशे ते सातशे रुपयांत मिळणारा टेबलावरचा बारा आकडी कॅल्क्युलेटर हे या अभ्यासातलं सगळ्यात कमी लेखलं जाणारं साधन आहे. त्यातही कॅसिओ घ्यावा की सिटिझन, हा प्रश्न किमतीचा नाही, बोटांच्या सवयीचा आहे.

आधी नियम. ही परीक्षा घेणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स (आयआयबीएफ) परीक्षेत बॅटरीवर चालणारा, बारा आकड्यांचा आणि जास्तीत जास्त आठ क्रियांचा कॅल्क्युलेटर चालवून घेते. या आठ क्रिया म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, टक्के, वर्गमूळ, टॅक्स अधिक आणि टॅक्स उणे. सायंटिफिक किंवा फायनान्शियल कॅल्क्युलेटर चालत नाही. म्हणजे घाताचं बटण नाही, लॉग नाही, हप्ता काढून देणारी सोय नाही. नोकरदार परीक्षार्थी अडखळतो तो इथेच. शाखेत कर्जाचा हप्ता कोअर बँकिंगची सिस्टीम देते, घरी एक्सेल देतं. दहा वर्षं गृहकर्जं हाताळलेल्या माणसालाही तो हप्ता बटणं दाबून काढायची वेळ क्वचितच आलेली असते. अकाउंटिंग अँड फायनान्शियल मॅनेजमेंटच्या पेपरात दोन तासांत शंभर प्रश्न असतात, म्हणजे प्रत्येकाला ७२ सेकंद. त्यात सूत्र आठवायचं आणि साध्या यंत्रावर १.०१ चा चोविसावा घातही काढायचा.

ही कसर भरून काढतात दोन गोष्टी: बरोबरचं (=) बटण पुन्हा पुन्हा दाबल्यावर तीच क्रिया पुढे चालू राहणं आणि जीटी, म्हणजे ग्रँड टोटलचं बटण. यंत्र घेताना या दोन गोष्टी आधी पाहाव्यात, बाकी सगळं नंतर.

घात काढायची पद्धत दोन्ही ब्रँडवर थोडी वेगळी आहे. कॅसिओवर १.०१ टाकून गुणिलेचं बटण दोनदा दाबायचं आणि मग बरोबर. सिटिझनवर गुणिले एकदाच दाबायचं आणि मग बरोबर. दोन्हीकडे पहिल्या बरोबरला वर्ग मिळतो, पुढच्या प्रत्येक दाबाला घात एकाने वाढतो. म्हणून चोविसाव्या घातासाठी बरोबर तेवीस वेळा दाबायचं आणि १.२६९७३४६४ च्या आसपासचं उत्तर यायला हवं. चोवीस वेळा दाबलं की पंचविसावा घात येतो. ही एकाची चूक सगळ्यात जास्त होते.

भागाकाराचं गणित वेगळं, आणि खरा फायदा तिथेच आहे. कॅसिओवर १.०१ ÷ ÷ १ आणि मग बरोबर. सिटिझनवर १ ÷ १.०१ आणि मग बरोबर. इथे पहिल्याच दाबाला एका महिन्याचा सवलत गुणक, म्हणजे महिन्याने मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत, मिळतो, म्हणून चोवीस महिन्यांसाठी बरोबर चोवीस वेळा दाबायचं. शेवटी पडद्यावर ०.७८७५६६१२ दिसतं. आता जीटी दाबा: २१.२४३३८७२. प्रत्येक बरोबरचं उत्तर यंत्र आतल्या आत बेरजेत टाकत असतं, त्यामुळे ॲन्युइटी फॅक्टर, म्हणजे दरमहा एक रुपया याप्रमाणे चोवीस महिन्यांच्या रकमेची आजची किंमत, आयता हाती येतो. एक लाखाच्या कर्जाला त्याने भागलं की वार्षिक १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का दराने दोन वर्षांचा मासिक हप्ता येतो, ४,७०७ रुपये ३५ पैसे. एक दाब चुकून तेवीसच झाले, तर ४,८८८ रुपये ५८ पैसे येतात, आणि हा आकडा पर्यायांत असू शकतो. म्हणून दाब चार-चारच्या गटात मोजावेत. चोवीस म्हणजे सहा गट. मनात एक ते चोवीस मोजत गेलं की शेजारच्या खुर्चीच्या आवाजानेही मोजणी तुटते.

रोख्याच्या किमतीच्या प्रश्नात हीच पद्धत दुप्पट कामाची ठरते. दर्शनी किंमत १,०००, कूपन वार्षिक ८ टक्के, मुदत ५ वर्षं, बाजारातला परतावा १० टक्के. १ ला १.१ ने पाच वेळा भागा. पडद्यावर येईल ०.६२०९२१३२, ते कागदावर टिपा, कारण मुद्दलाला तेच लागणार आहे. मग जीटी दाबा, ३.७९०७८६७७, हे कूपनसाठी. कूपनचे वर्षाचे ८० गुणिले जीटीचा आकडा ३०३.२६, आणि मुद्दलाचे ६२०.९२. किंमत ९२४.१८. तक्ता नको, सूत्र दोनदा लिहायला नको.

जीटीचा सापळाही ओळखून ठेवायला हवा. दर सरळ नसेल, समजा वार्षिक ८.५ टक्के, तर आधी ८.५ ÷ १२०० आणि मग अधिक १ करावं लागतं. या दोन्ही वेळी बरोबर दाबलेलं असतं, म्हणजे ०.००७०८ आणि १.००७०८ दोन्ही जीटीत जमा झालेले असतात, आणि शेवटचं उत्तर एकाहून जास्तने फुगतं. उपाय असा: मेमरी रिकामी आहे हे पाहून १.००७०८३३३३३३ मेमरीत टाकायचं, मग जीटी साफ करायचं (मेमरीही पुसणारं बटण इथे दाबू नका), पडद्यावरची जीटीची खूण गेली का ते पाहायचं आणि मग मेमरीतून आकडा उचलून भागाकार सुरू करायचा. पडताळणीही सोपी आहे. शेवटचा सवलत गुणक १ मधून वजा करा आणि मासिक दराने भागा. जीटीशी जुळलं पाहिजे. चोवीस महिन्यांच्या उदाहरणात (१ − ०.७८७५६६१२) ÷ ०.०१ म्हणजे २१.२४३३८८, जुळतं. जीटीत जुना आकडा शिल्लक असेल तर तो इथे पकडला जातो. दाब मोजण्यातली चूक मात्र या पडताळणीत सापडत नाही, कारण दोन्ही आकडे त्याच चुकलेल्या दाबांतून आलेले असतात.

गृहकर्जाच्या मुदतीला ही पद्धत लावू नका. २४० वेळा बरोबर दाबणं शक्य नाही. तिथे पंधराव्या घाताचा आधार घ्यायचा. गृहकर्जाच्या नेहमीच्या सगळ्या मुदती पंधरावरून निघतात: ६० महिने म्हणजे पंधरावा घात काढून दोनदा वर्ग, १२० म्हणजे तीनदा, २४० म्हणजे चारदा. १८० साठी पंधराव्या घाताचा आधी घन, मग दोनदा वर्ग. वर्ग करायचा म्हणजे कॅसिओवर गुणिले दोनदा आणि बरोबर एकदा, सिटिझनवर गुणिले आणि बरोबर. १.०१ पासून निघालात तर पंधरावा घात १.१६०९६८९५ आणि चार वर्गांनंतर २४० वा घात १०.८९२५५ येतो. एकूण दाब पंचवीस-तीसच्या घरात. मग १ ला या घाताने भागायचं, ते १ मधून वजा करायचं आणि मुद्दल गुणिले मासिक दर या संख्येला त्याने भागायचं. दहा लाखांवर १२ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ११,०१० रुपये ८६ पैसे. यात जीटी लागतच नाही, त्यामुळे ही पद्धत सर्वांनीच पाठ करून ठेवावी.

आता सरकपट्ट्या. टेबलावरच्या बऱ्याच यंत्रांवर वर दोन छोट्या पट्ट्या असतात. एक दशांश स्थळं ठरवते, दुसरी पुढचे आकडे तोडायचे की ५/४ पद्धतीने (पाच किंवा जास्त असेल तर वर, नाहीतर खाली) जवळच्या आकड्यावर आणायचे ते ठरवते. दुकानदार आणि कॅशियर दशांश दोनवर ठेवतात, पैशांसाठी ते बरोबरच आहे. अभ्यासाला ते घातक आहे. दशांश दोनवर आणि पट्टी ५/४ वर असताना ८.५ ÷ १२०० केलं की उत्तर ०.०१ दिसतं. म्हणजे साडेआठ टक्क्यांचं कर्ज गुपचूप बारा टक्क्यांचं होतं. दहा लाखांचा वीस वर्षांचा खरा हप्ता ८,६७८ रुपये २३ पैसे, बारा टक्क्यांनी तोच होतो ११,०१० रुपये ८६ पैसे. पट्टी तोडण्यावर असेल तर ०.०० येतं आणि पुढचं गणितच संपतं. दशांश चारवर ठेवले तरी १.००७१ होऊन तेवढ्यानेच हप्ता बारा-तेरा रुपयांनी चुकतो. पट्टी कायम एफवर, म्हणजे मोकळ्या दशांशावर.

टक्क्याच्या बटणावर आमचा विश्वास कमी आहे. १००० + १८ % दाबल्यावर काही यंत्रं ११८० देतात, काही विक्री किमतीवर टक्के धरून १२१९.५१. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण शाखेतलं यंत्र एका प्रकारचं आणि परीक्षेतलं दुसऱ्या प्रकारचं असेल तर गोंधळ अटळ आहे. १००० × १.१८ करा, सगळीकडे सारखंच येतं.

दुकानात तपासायचं ते बरोबरचं बटण, कारण सगळा भार त्याच्यावर पडणार आहे. कॅसिओवर १ + + आणि सिटिझनवर १ + १ टाकून बरोबर पंचवीस वेळा वेगाने दाबा. पडद्यावर २६ आलं पाहिजे. २५ आलं तर एखादा दाब हुकतो, २७ आलं तर बटण दोनदा लागतं. असं यंत्र परत ठेवा. बटण दाबल्यावर आवाज करणारं यंत्र नको. सीएच्या परीक्षेत तर तशी अटच आहे: सहा क्रिया, बारा आकडे, दोन मेमरीपर्यंत आणि आवाज न करणारा. मागच्या पायऱ्या पुन्हा दाखवणारं चेक-करेक्ट बटण असलेली यंत्रं दुकानाच्या हिशोबाला उत्तम आहेत, पण आयआयबीएफच्या आठ क्रियांच्या यादीत ते बटण नाही. परीक्षेच्या दारात वाद नको असेल तर त्याशिवायचं घ्या, आणि आपल्या प्रवेशपत्रावरची सूचना वाचूनच जा. नामांकित ब्रँडच्या नावात एखादं अक्षर बदललेल्या नकली यंत्रांपासून सावध राहा. त्यातल्या काहींवरची सोलर पट्टी नुसती शोभेची असते.

ब्रँडबद्दल आमचं मत: शाखेतल्या टेबलावर ज्या पद्धतीचं यंत्र आहे, त्याच पद्धतीचं घरी घ्या. दिवसभर सिटिझन पद्धतीने बोटं चालवून रात्री कॅसिओवर सराव केला, की ऐनवेळी ÷ एकदा की दोनदा, हा प्रश्न पडतो. नवीन घेणार असाल तर कॅसिओची दोनदा दाबायची पद्धत आम्हाला थोडी सुरक्षित वाटते. दोनदा दाबल्यावर पडद्यावर के अक्षर दिसतं आणि यंत्र सलग क्रियेच्या स्थितीत आहे हे डोळ्यांना कळतं. सिटिझनवर तशी खूण नसते, पण दाब एक कमी लागतो. वर्गमूळाचं बटण दोन्हीकडे सारखंच. १.०८ वर ते दोनदा दाबलं की १.०१९४२६५४, म्हणजे वार्षिक ८ टक्क्यांशी जुळणारा तिमाही दर. मासिक दर असा काढता येत नाही.

यंत्र नुसतं बॅगेत टाकून नेलं की सरकपट्टी हमखास हलते. पट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, आणि केंद्रावर खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा ८.५ ÷ १२०० करून पाहा. ०.००७०८३३३३३३ पूर्ण दिसलं पाहिजे.