देवगड बंदराच्या वरचा होमस्टे: एकटीने राहायला कसा आहे

बुकिंग करताना साइटवर ठळक लिहिलं होतं, "लेडीज आणि फॅमिलीसाठी १००% सेफ", सीसीटीव्ही, सेफ्टी डोअर वगैरे. तर सीसीटीव्ही लाइट गेली की बंद. आणि लाइट गेलीच, संध्याकाळी वारा सुटला तेव्हा गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. बाथरूमची कडी धड बसत नाही, आतून बादली लावायची. मागच्या विहिरीला कठडा असा नाहीच, गुडघ्याएवढा बांध, लहान पोरं घेऊन जाणार असाल तर आधी फोन करून विचारा प्लीज.

तरी मी परत जाणार, कारण काकू. एकट्या बाईला रूम देताना जी उलटतपासणी होते, मिस्टर कुठायत, कशाला आलात, ती झालीच नाही. आधार कार्डचा फोटो काढला, मासे चालतात का विचारलं, विषय संपला. ट्रेन लेट, त्यात कणकवलीहून एसटीने पोचेपर्यंत काळोख पडला तर काका टॉर्च घेऊन स्टँडवर हजर. रात्री वारा वाढला तेव्हा काकूंनी दार वाजवलं, "बाय, खिडकी लाव गो, भिया नको, आमी हंयच आसव." मस्त झोप लागली.

गॅलरीतून बंदर दिसतं आणि खरी मजा ती. वादळाचा इशारा होता म्हणून बाहेरच्या बोटी आत येत होत्या, काकांनी नंबर वाचायला शिकवले, जीजे म्हणजे गुजरात, केए म्हणजे कर्नाटक. किल्ल्याचा डोंगर आडवा असल्याने आतलं पाणी त्यामानाने शांत राहतं, त्यामुळे वादळ म्हटलं की सगळे इकडे धावतात, २०१९ च्या क्यार वादळातही तेच झालं. एरवी परराज्यातल्या ट्रॉलरवरून इथल्या मच्छीमारांची केवढी भांडणं होतात, पण वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागला की कोणी कोणाला हाकलत नाही. खलाशी चढ चढून कांदेबटाटे, पाणी न्यायला येत होते. एकाने फोन चार्ज करायला मागितला तर काकूंनी इन्व्हर्टरच्या एकुलत्या प्लगवरचा माझा फोन काढून त्याचा लावला, मला न विचारता! राग आला होता, पण मग तो पायरीवर बसून गुजरातीत घरी बोलायला लागला, पलीकडून कोणीतरी रडत होतं, मी गप्प बसले.

मी काकांना म्हटलं बंदरात आले म्हणजे सुटले ना आता. काका हसले नाहीत. मे २०२१ ला तौक्ते वादळात इथेच आनंदवाडीत नांगरलेल्या बोटी बुडाल्या, खलाशांचे जीव गेले. काकांनी स्वतःची बोट कधीच विकलीय तरी वारा सुटला की खाली जाऊन दोरखंड नीट बांधा म्हणून सगळ्यांना सांगत फिरतात, भाषा येवो न येवो.

जेवण घरगुती, बांगड्याचं तिखलं एक नंबर, सोलकढी जरा पातळ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, मासे खायलाच जायचं तर ते दोन महिने सोडून जा. पैसे ठीकच.

चार स्टार. पाचवा विहिरीला कठडा बांधला की देते, काकूंना तसं तोंडावर सांगून आलेय.