आधी परतीचा रस्ता बघा: ऑटिझम असलेल्या मुलांसोबतच्या उन्हाळी सहलींची तुलना

उन्हाळ्याची सुट्टी लागली की ऑटिझम स्पेक्ट्रमवरच्या मुलाच्या घरात हमखास दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, पोराला जरा बाहेर काढू या, काही वेगळं बघू दे. दुसऱ्याला मागच्या सहलीतला मेल्टडाऊन, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा ताबा सुटणं, आठवतो आणि यंदा घरीच बरं वाटू लागतं. खरं तर दोघांचंही चूक नसतं. शाळा बंद, थेरपीच्या वेळा बदललेल्या, म्हणजे मुलाची रोजची चाकोरी आधीच विस्कटलेली असते. त्यात आपण प्रवास काढतो.

म्हणून ठिकाण ठरवताना मी त्याची कीर्ती फारशी बघत नाही. दोन गोष्टी बघते. मुलाला असह्य झालं तर तिथून किती वेळात निघता येईल? आणि मजा सुरू होईपर्यंत किती ताटकळावं लागेल? पुढचे सगळे पर्याय याच दोन प्रश्नांवर तोललेत. तिसरी गोष्ट फक्त तुम्हालाच ठाऊक असते: आपलं मूल आवाज, स्पर्श, उजेड यांपासून पळणारं आहे की त्यांच्या मागे धावणारं. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या, २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या पुस्तिकेने निदानाच्या निकषांमध्ये अतिसंवेदनशीलता आणि संवेदना कमी जाणवणं, दोन्ही धरलं आहे, आणि बऱ्याच मुलांमध्ये त्यांची सरमिसळ असते. मिक्सरच्या आवाजाने कान झाकणारं मूल लाटांच्या गाजेत तासभर खुशाल उभं राहतं. त्यामुळे “आमच्या मुलाला फार आवडलं हो” या शिफारशीवर तिकिटं काढू नयेत.

अर्धा दिवस की मुक्काम

पहिलीच वेळ असेल तर अर्धा दिवस. यात मला फारसा वाद वाटत नाही. रात्रीची झोप घरच्या गादीवर, जेवण ओळखीचं, आणि बिनसलं तरी घर हाताशी. मुक्कामी प्रवासात सगळ्यात आधी झोप बिघडते, आणि झोप बिघडली की दुसऱ्या दिवशीचा बेत कितीही चांगला असला तरी कोलमडतो.

तरी मुक्कामाची एक जमेची बाजू आहे. अर्ध्या दिवसाच्या सहलीत मुलाला जागा ओळखीची होईपर्यंत निघायची वेळ होते. काही मुलं पहिला दिवस नुसती कडेला बसून बघतात आणि दुसऱ्या दिवशी खरी खुलतात. तुमचं मूल असं उशिरा रुळणारं असेल, तर सतत छोट्या सहली काढण्यापेक्षा एकाच ठिकाणी तीन-चार दिवस राहणं जास्त फळतं. मात्र तिथे रोज नवं स्थळ नको. सकाळी एकच गोष्ट करायची आणि दुपार खोलीत घालवायची.

गाडी, रेल्वे की विमान

स्वतःच्या गाडीचा मोठा फायदा म्हणजे हवं तेव्हा थांबता येतं. गाणी आपली, खाऊ आपला, खिडकीवर पडदा आपला. पण मागच्या सीटवरचा पट्टा काढणारं मूल असेल तर हाच पर्याय सगळ्यात धोक्याचा ठरतो. बकल झाकणारी साधनं मिळतात, पण ती वापरण्याआधी ओटीशी (ऑक्युपेशनल थेरपिस्टशी) बोला, कारण अपघातात तो पट्टा पटकन सोडवताही आला पाहिजे. आणि दाराचं चाइल्ड लॉक निघण्याआधी तपासा.

गाडीच्या प्रवासात खरी परीक्षा असते रस्त्यावरच्या स्वच्छतागृहात. मूल कसंबसं आत आलंय, बेसिनपाशी उभं आहे, आणि शेजारी कुणीतरी हात सुकवायच्या यंत्राखाली हात धरतो. बंद खोलीत तो आवाज एकदम कानावर आदळतो. पुढच्या थांब्याला मूल दारातूनच मागे फिरतं आणि मग तासन् तास लघवी धरून बसतं. म्हणून शिरण्याआधीच हेडफोन घालायचे आणि हात पुसायला स्वतःचा नॅपकिन ठेवायचा. आपोआप फ्लश होणाऱ्या कमोडच्या सेन्सरवर चिकटचिठ्ठी लावली की मूल बसलेलं असताना पाणी सुटत नाही. एवढ्याशा चिठ्ठीने बऱ्याच घरांचे प्रवास सोपे केलेत.

रेल्वेत उठून फिरता येतं, एकसारखी लय असते, आणि गाड्यांची वेळापत्रकं पाठ असणाऱ्या मुलांसाठी तर प्रवास हीच सहल असते. अडचण फलाटावर असते: गर्दी, अचानक फुटणारी उद्घोषणा, गाडी उशिरा आली तर वाट बघणं. धावून जाणारं मूल असेल तर फलाटावर दोन मोठी माणसं हवीतच, एक सामानाला आणि एक फक्त मुलाला. बसबद्दल काय सांगू? गाडीसारखं थांबता येत नाही आणि रेल्वेसारखं फिरता येत नाही. जवळचं अंतर असेल तरच.

विमानाचं गणित उलटं आहे. प्रवास कमी वेळाचा, पण एकदा दार लागलं की परतीचा रस्ता नाही. आत इंजिनाचा आवाज साधारण ८० ते ८५ डेसिबल असतो, तोही सलग. उतरताना कानात दडे बसतात आणि ते का होतंय हे न बोलणाऱ्या मुलाला सांगता येत नाही. घोट घोट पाणी किंवा चघळायला काही दिलं की फरक पडतो. पण विमानापेक्षा विमानतळ जास्त थकवतो. सुरक्षा तपासणीत मुलाच्या हातातली लाडकी वस्तू ट्रेमध्ये ठेवावी लागते. ट्रे पट्ट्यावरून सरकतो, रबरी झालरीमागे जातो आणि दिसेनासा होतो. आपल्याला माहीत असतं की ती वस्तू पलीकडे बाहेर येणार. मुलाला तसं कुणी सांगितलेलं नसतं. घरी खोक्याला दोन्हीकडून भोकं पाडून हा खेळ काही दिवस खेळला, तर त्या एका मिनिटाची भीती बरीच ओसरते.

इथे एक गोष्ट विमानाच्या बाजूने बोलते: मदतीची व्यवस्था विमानतळांवर जितकी उभी राहिली आहे तितकी इतरत्र क्वचितच दिसते. न दिसणारं अपंगत्व ओळखता यावं म्हणून सूर्यफुलाचं चित्र असलेली हिरवी गळपट्टी २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली आणि आता अनेक देशांत चालते. आयर्लंडच्या शॅनन विमानतळाने २०१७ मध्ये सेन्सरी रूम, म्हणजे गोंगाटापासून दूर शांत होता येईल अशी खोली, उघडली. अमेरिकेत बॉस्टनच्या लोगन विमानतळावर २०११ पासून ‘विंग्ज फॉर ऑटिझम’ नावाची रंगीत तालीम सुरू झाली. कुटुंबं तपासणीतून जातात, विमानात बसतात आणि विमान न उडताच घरी येतात. तुमच्या विमानतळावर यातलं काय आहे, हे तिकीट काढण्याआधी विचारा. आधी बसू देण्याची सवलत मिळाली तरी मी ती अर्धीच घ्या म्हणेन. एकाने सामान घेऊन आधी चढावं, दुसऱ्याने मुलाला घेऊन शेवटी. आधी बसणं म्हणजे बंद जागेत आणखी अर्धा तास.

पाणी की डोंगर

बहुतेक पालकांचा खरा प्रश्न हाच असतो, आणि इथे मी थोडी थांबणार आहे.

पाण्याची ओढ यांतल्या पुष्कळ मुलांना असते. पाण्याचा सगळीकडून सारखा दाब मिळतो, शरीर हलकं होतं, आवाज दबतो. घरी पाच मिनिटं एका जागी न बसणारं मूल पाण्यात तासभर रमतं. पण धोकाही इथेच जास्त आहे. अमेरिकेतल्या कुटुंबांच्या एका पाहणीत (२०१२, ‘पीडियाट्रिक्स’ हे वैद्यकीय नियतकालिक) वय वर्षं ४ नंतर एकदा तरी नजर चुकवून निघून जाण्याचा प्रयत्न केलेली मुलं ४९ टक्के होती. काळजी वाटावी इतका वेळ जी मुलं सापडली नव्हती, त्यांच्यापैकी २४ टक्के बुडता बुडता वाचल्याचं पालकांनी सांगितलं. म्हणजे पाण्याजवळच्या मुक्कामात फक्त पोहण्याची वेळ सांभाळून भागत नाही. पहाटे सगळे झोपलेले असतानाची वेळही सांभाळावी लागते.

पोहण्याचा तलाव आणि समुद्र यांत मी आधी तलाव निवडेन. त्याला कडा आहे, खोली ठरलेली आहे, कुंपण आणि फाटक असतं. बंदिस्त तलावात आवाज घुमतो आणि क्लोरीनचा वास नाकात बसतो, तेव्हा उघडा तलाव बरा. समुद्रावर लाटांची लय असते, मोकळी जागा असते, रांग नसते. पण कुंपणही नसतं. वाळूचा स्पर्श न सोसणाऱ्या मुलांना पाण्यात घालायचे बूट घातले की निम्मं काम होतं. सनस्क्रीनचा चिकटपणा नको असेल तर लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घाला. नवी वस्तू कुठलीही असो, लाइफ जॅकेटसुद्धा, ती आधी घरी घालून बघा.

वॉटर पार्क मी या यादीत तळाला ठेवते. पाणी आहे खरं, पण त्यासोबत रांगा, शिट्ट्या, मोठ्याने लावलेली गाणी आणि निसरडी फरशी. संवेदना शोधत फिरणाऱ्या मुलाला ते स्वर्ग वाटेल. तेव्हाही उघडतानाची वेळ गाठा आणि गर्दी वाढली की निघा.

कुठल्याही पाण्यावर एक नियम मात्र बदलत नाही. नजर ठेवणारं माणूस एका वेळी एकच, ठरवून, नाव घेऊन. सात मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

डोंगर आणि जंगल यांचा सूर वेगळा. शांतता, सावली, रांग नाही, आणि मुलाने हात फडफडवले किंवा ओरडलं तर वळून बघणारं कुणी नाही. ही शेवटची गोष्ट पालकांना किती मोकळं करते ते ज्याचं त्यालाच कळतं. पण इथे वाट निवडताना गोल फेरीची वाट टाळा. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परतायचं असेल तर कुठूनही मागे फिरता येतं. गोल वाटेवर निम्मं अंतर झालं की पुढे काय आणि मागे काय, सारखंच लांब. फोनला रेंज नसणं आणि पळून जाणारं मूल, हे दोन्ही एकत्र असेल तर डोंगर नकोच.

दोन्हीकडे उन्हाचा एक मुद्दा समान आहे. तहान लागली, अंग तापलं हे या मुलांना उशिरा जाणवू शकतं किंवा सांगता येत नाही. पाणी मागण्याची वाट बघू नका, घड्याळ लावून द्या. चिडचिड, आक्रमकपणा यांसाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी शरीराचं तापमान सांभाळण्याची क्षमता कमी होऊ शकते. फिट्ससाठी दिलं जाणारं टोपिरामेट घाम कमी करू शकतं. असं औषध चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

थीम पार्क, प्राणिसंग्रहालय, संग्रहालय

थीम पार्कात पाळण्यांपेक्षा रांगा जड जातात. काही ठिकाणी त्यावर उपाय आहे. डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांमध्ये रांगेत उभं न राहता ठरलेल्या वेळी परत यायची सोय २०१३ पासून आहे, मात्र २०२४ मध्ये तिचे नियम कडक झाले. पेनसिल्व्हेनियातलं सेसमी प्लेस हे २०१८ मध्ये ‘सर्टिफाइड ऑटिझम सेंटर’ (ऑटिझमबद्दल कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिल्याचं प्रमाणपत्र मिळालेलं ठिकाण) ठरलेलं पहिलं थीम पार्क. अशा पार्कांत प्रत्येक राइडवर आवाज, स्पर्श, दृश्य यांचा मारा किती, हे १ ते १० आकड्यांत दिलेलं असतं. तुम्ही जाणार तिथे असं पत्रक नसेल, तर राइडचा व्हिडिओ घरी आधी आवाज बंद करून आणि मग आवाज लावून दाखवा. रांगेची सवलत मिळणार नसेल तर मी थीम पार्कला सरळ नाही म्हणेन.

प्राणिसंग्रहालय मधलं आहे: उघडी जागा, निघणं सोपं, पण वास आणि चालणं खूप. मुलाला हवा तो एकच प्राणी ठरवून जावं आणि तो पाहून झाला की निघावं. बाकीचे प्राणी बघायचे राहिले तर ती रुखरुख आपली असते, मुलाची नाही. संग्रहालय भर उन्हाच्या दिवशी सर्वांत स्वस्तातली शांतता. कित्येक ठिकाणी शांत तास ठेवलेले असतात, चौकशी करा.

हॉटेल, भाड्याचं घर की नातेवाईक

हॉटेलात दारावर थाप पडते, कॉरिडॉरमध्ये लिफ्टचा आवाज येतो, पण मदतीला माणूस असतो. लिफ्टपासून लांबची, शेवटची खोली मागून घ्या. भाड्याच्या घरात स्वयंपाकघर मिळतं, आणि मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलासाठी हे सगळ्यात मोठं. तिथे पोचल्यावर सामान उघडायच्या आधी दारं, खिडक्या, गच्ची आणि पाण्याकडे जाणारी वाट बघा. दार उघडलं की वाजणारा छोटा अलार्म सोबत ठेवा. नातेवाइकांचं घर मुलाच्या ओळखीचं असतं खरं, पण सल्ल्यांचा रतीबही तिथेच. “जरा रागवा, ऐकेल” म्हणणारी आत्या घरात असेल तर तिथे मुक्काम करण्याऐवजी दुपारी तासाभरासाठी जाऊन या.

नवं ठिकाण की गेल्या वर्षीचंच

नव्याची हौस बहुधा आपलीच असते. त्याच ठिकाणी, शक्य तर त्याच खोलीत परत गेलात तर मुलाची निम्मी तयारी आधीच झालेली असते, आणि गेल्या वर्षीचे फोटो हेच चित्रवेळापत्रक (पुढे काय होणार ते चित्रांतून क्रमाने दाखवणारा तक्ता) होतं. बदल हवाच असेल तर एकच करा: जागा जुनी, प्रवास नवा, किंवा प्रवास जुना, जागा नवी. नव्या जागेसाठी सोशल स्टोरी, म्हणजे मुलाला प्रसंग आधी समजावणारी छोटी गोष्ट, लिहिताना “खूप मजा येईल” लिहू नका. काय होईल ते क्रमाने लिहा, आणि बेत बदलू शकतो हेही एका ओळीत घाला.

दोन भावंडं असतील तर पहिल्या दिवसापासून दोन गट ठरवून ठेवा, म्हणजे एकाला खोलीवर परतावं लागलं तरी दुसऱ्याचा दिवस तिथेच संपत नाही. मुलाला निवड द्यायची असेल तर तुम्ही आधी चाळून ठेवलेल्या दोनच ठिकाणांचे फोटो समोर ठेवा. आणि परतीची तारीख शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशीची नको, मध्ये निदान दोन-तीन दिवस घरात जाऊ देत.